ती येते म्हणाली होती

१९ जानेवारी, रविवार

थर्मोडायनॅमिक्सची रेकॉर्ड नोट, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, अर्धी कोरी पडली होती. डावं पान आकृतीसाठी, उजवं रेघांचं. आता आकृत्या काढायच्याच नाहीत, तेव्हा दोन्ही पानांवर मराठी लिहिणार. मिरजेकडचे, पुण्याकडचे लोक लिहितात तशी. आमच्या घरातली नव्हे.

कारण आज ऑनलाइन खेळातले लोक मला पुन्हा हसले. मी हेडफोनवर म्हणालो, "मी घोडा घेऊन येतों, तुम्ही कोठें आहां?" आमच्या तोंडात घ चा ग होतो, मला तो ऐकूही येत नाही. साताऱ्याचा एक जण म्हणाला, "गोडा मसाला नको रे, घोडा आण!" एकतीस माणसांची टोळी, सगळी खिदळली. टोळीचे म्होरके काका भोरचे, वयाने पन्नाशीचे. ते म्हणाले, "बखरीला हसू नका. तीनशे वर्षांपूर्वीचा कागद आहे तो." त्यामुळे आता माझं नाव बखर. बखर म्हणजे काय ते मला शोधावं लागलं, हा आणखी एक अपमान.

आमचे लोक तंजावरच्या राजांबरोबर आले ते इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. कुंभकोणममध्ये माझ्या वयाच्या कुणाशी मराठीत बोलायचं? म्हणून तर मी या टोळीत शिरलो. टोळीचं नाव टोळधाड.

खेळ कसा आहे तेही लिहितो, सराव होईल. गावांच्या भोवती पहाऱ्याचे खांब आहेत. खांबांच्या आत कुणी कुणाला हात लावू शकत नाही. बाहेर मोकळं रान. तिथे कुणीही कुणालाही मारावं, आणि मेलेल्याच्या अंगावरचं सगळं मारणाऱ्याने न्यावं. राक्षस, लांडगे आहेत, पण ते नावाला. खरी भीती माणसांची.

न हसणारी एकच होती. कीर्ति.

२३ जानेवारी, गुरुवार

कीर्ति मिरजेची. दातांचे साचे बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणजे काही फार नाही.

टोळीत नवा आला की त्याला तीच शिकवते, हे मला ठाऊक आहे. पण मला शिकवायला तिला जास्त वेळ लागतो. आज भाल्याचा एकच डाव तिने मला सहा वेळा दाखवला. दुसऱ्या कुणाला सहा वेळा दाखवला असेल?

मग मोकळ्या रानात मला तिघांनी घेरलं आणि मारलं. ती झाडीत लपली होती. ते गेल्यावर त्यांनी सोडलेलं थोडंफार सामान तिने गोळा केलं आणि गावात आणून दिलं. "हे घे तुझं," म्हणाली. मी म्हणालो, "बहुत उपकार झाले." ती म्हणाली, "असं आमची पणजी बोलायची रे. गोड वाटतं ऐकायला."

गोड वाटतं. हे तिने सगळ्यांच्या देखत म्हटलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

आप्पा नोव्हेंबरपासून माझ्याशी थेट बोलत नाहीत. आत्यामार्फत बोलतात, मी समोर जेवत असलो तरी. आज सकाळी:

"मीनाक्षी, त्याला विचार, परीक्षेचा फॉर्म भरणार कां."

"विश्वेशा, फॉर्म भरतोस कां रे?"

"नाही म्हणून सांग."

"नाही म्हणतो."

"ऐकलें," आप्पा म्हणाले आणि तिरुप्पनंदाळच्या बसला गेले. तिथल्या शाळेत ते गणित शिकवतात.

कॉलेज का सोडलं ते इथे लिहायची गरज नाही. एचओडीने सगळ्या डिपार्टमेंटसमोर मला बोलून घेतलं, माझं डोकं गरम आहे, मी निघून आलो. विषय संपला.

दुपारी आत्या जिन्याखालून ओरडली, "जेवायास ये रे!" मी वरून म्हणालो, "आत्या, जेवायास नाही, जेवायला म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"पुण्याकडे."

"मग पुण्याहून कोणी येऊन वाढील तुला. सांबार निवते आहे."

मी अर्धा तास गेलो नाही. मग गेलो.

९ फेब्रुवारी, रविवार

टोळीला स्वतःचा किल्ला हवा असेल तर कोनशिला घडवावी लागते. दगड, शिसं, चुना, सगळं लोकांकडून थोडं थोडं. कीर्तिने चार महिने ते गोळा केलं. आज शिला पुरी झाली. तिच्यावर एकतीस जणांची नावं आहेत. माझं नाव कसं लिहायचं ते कीर्तिने मला विचारून घेतलं, विश्वेशमधला पहिला श कुठला आणि दुसरा कुठला.

आता ती शिला एकाच माणसाने पाठीवर घेऊन मोकळं रान ओलांडायचं आणि टेकडीवर ठेवायची. शिला पाठीवर असली की घोड्यावर बसता येत नाही, धावता येत नाही, हत्यार उचलता येत नाही. फक्त चालायचं. वाटेत तो माणूस मारला गेला तर शिला मारणाऱ्याची.

कीर्ति नेणार. बरोबर बारा जण. येत्या रविवारी दुपारी दोन वाजता, खिंडीने नाही, दलदलीच्या बाजूने. काकांनी बजावलं, "वाटेचं नाव बाहेर गेलं तर चार महिने पाण्यात."

कीर्ति म्हणाली, "विश्वेश माझ्या पाठीशी राहू दे. दलदलीची वाट त्याला पाठ आहे."

काका म्हणाले, "बखर? डोक्याने तापट आहे तो."

"मला चालेल," ती म्हणाली.

मी वहीत हे दोन शब्द लिहून ठेवतो आहे. मला चालेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज विचारलं!

शनिवारी तिला अर्धा दिवस सुट्टी असते. बाकी कुणी नव्हतं, हेडफोनवर आम्ही दोघंच. ती चिलखतं मोजत होती. आठवडाभर पाठ केलेली पुण्याची वाक्यं ऐन वेळी पळाली आणि घरचीच बोली तोंडात आली. मी म्हणालो, "उद्यां बारा वाजतां ओढ्यापाशी ये. एकटीच. सगळे यावयाच्या आधीं. मज तुझ्याशी बोलायचें आहे."

नेट जरा तुटत होतं. मग ती म्हणाली, "आई हाक मारतेय रे. बरं, येते मी. सांभाळून."

आणि गेली.

येते मी! काही आढेवेढे नाहीत, कशाला नाही, काय बोलायचंय नाही. आणि वर सांभाळून. कुणाला सांभाळून म्हणतं माणूस?

आत्याने विचारलं, हसतोस कां. मी म्हणालो, सांबार छान झालंय. तिने आज सांबार केलंच नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

झालं ते सगळं लिहितो.

साडेअकराला ओढ्यावर जाऊन उभा राहिलो. ओढा खांबांच्या बाहेर आहे, मोकळ्या रानात. माझं सगळ्यात भारी चिलखत घातलं होतं, तिने पाहावं म्हणून. बारा वाजले. सव्वाबारा. साडेबारा. टोळीच्या यादीत तिच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे ती खेळात होती, गावात होती. हेडफोनवर काकांशी बोलत होती, हसत होती! कसल्याशा दाताच्या साच्याची गोष्ट सांगत होती. मी माइक बंद ठेवून ऐकत होतो. ओढ्याचं नावही तिने काढलं नाही.

एक वाजता जयकुमारची टोळी आली. जयकुमार माझ्या कॉलेजचा, इथलाच. त्याच्या तमिळ टोळीशी आमचं वैर आहे. सात जण होते. मारलं मला, चिलखत काढून नेलं. मग फोन केला. "एंडा, काय रे, एकटा ओढ्यावर काय करत होतास? मासे धरत होतास?"

मी म्हणालो, "दोन वाजता दलदलीकडे ये. कोनशिला मिळेल."

तो म्हणाला, "खरं?"

"खरं. मी पण येतो."

आपल्या टोळीच्या माणसाला खेळात मारता येत नाही. त्यासाठी आधी टोळी सोडावी लागते. मी सोडली. खात्री आहे का, असं खेळ विचारतो. मी हो दाबलं. मी थेट दलदलीत भेटतो असं काकांना कळवलं, आणि निघायच्या धांदलीत कुणी यादी पाहिली नाही. बोलण्याचं चॅनल वेगळं असतं, त्यातून मी बाहेर पडलो नाही. ते कुठवर आले, कोण पुढे, कोण मागे, सगळं मला माझ्याच कानात ऐकू येत होतं, आणि मी ते जयकुमारला सांगत होतो.

दलदलीत जयकुमारची टोळी तुटून पडली आणि बरोबरचे सगळे विखुरले. कीर्ति शिला घेऊन एकटी चालत राहिली, गुडघाभर पाण्यातून. मी झाडीतून समोर आलो. तिला मी दिसलो.

ती म्हणाली, "आलास! बरं झालं. मागे दोघं आहेत, त्यांना अडव."

मी भाला मारला. सहा वेळा दाखवलेला तोच डाव.

तिने "अरे" म्हटलं. मग काही नाही.

तिला कळू दे वाट पाहणं काय असतं ते. येते म्हणाली होती. स्वतःच्या तोंडाने येते म्हणाली होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

महामहम तळ्याजवळच्या टपरीवर जयकुमार भेटला. कापी, म्हणजे इथली कॉफी, त्याने पाजली. मी त्याला देऊन टाकलेल्या शिलेचं काय केलं विचारलं. म्हणाला, त्यांना किल्ला नको होता, भर चौकात फोडली. चाळीस टोपल्या खडी निघाली. फोटो दाखवला. खडीवर नावं दिसत नाहीत.

मी म्हणालो, मी तुमच्या टोळीत येतो.

तो हसला. "कशासाठी केलंस रे हे? पोरीसाठी?"

मी त्याचा फोन परत दिला.

"मग नको दा. उद्या एखादी आम्हाला भेटायला आली नाही, तर तू आम्हालाही विकशील."

हे तो पेल्यातली कापी डबऱ्याच्या वाटीत खालीवर ओतत, सहज म्हणाला. मला त्याच्या तोंडावर कापी फेकावीशी वाटली. पण त्यानेच पाजली होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काकांचा निरोप आला, संध्याकाळी पाच वाजता चॅनलवर ये, जे काय आहे ते समोर बोल. मी गेलो. भीत नाही मी कुणाला. पंचवीसेक जण होते. कीर्तिचं नाव यादीत होतं, माइक बंद होता.

साताऱ्याचा सुरू झाला, "गद्दार..." काकांनी त्याला थांबवलं. "आधी त्याला बोलू द्या. बोल रे."

मी सगळं ओकलो. तुम्ही मला हसता. एक कीर्ति हसत नव्हती, म्हणून मी तिला मानत होतो. तिला मी ओढ्यावर बोलावलं, ती येते म्हणाली आणि आली नाही. दीड तास मी उभा होतो. माझं चिलखत गेलं. खोटं कोण बोललं? आधी दगा कुणी दिला? विचारा तिला, येते म्हणाली होती की नाही!

मग काकांनी विचारलं, "नक्की काय शब्द होते तिचे?"

"'बरं, येते मी. सांभाळून.'"

"आणि मग?"

"मग गेली. माइक बंद झाला."

कुणीतरी फुस्स केलं. दाबून हसल्यासारखं.

काका म्हणाले, "विश्वेश, तुमच्या घरी बाहेर पडताना काय म्हणतात?"

"जाऊन येतों म्हणतात."

"तेच. आमच्याकडेही तेच म्हणतात. फक्त आम्ही 'जाऊन' गिळतो."

मला लगेच कळलं नाही. मग कळलं. ती निरोप घेत होती. तिची आई हाक मारत होती आणि ती, येते मी, म्हणून उठून गेली. मी बारा म्हणालो ते तुटत्या नेटमधून तिला ऐकू आलं असेल नसेल. तिला वाटलं असेल मी बारा जणांची यादी विचारतोय.

मग ते हसायला लागले. आधी एक, मग सगळे. साताऱ्याचा तर खोकायला लागला. "गेला बिचारा ओढ्यावर! चिलखत घालून!"

कीर्तिचा माइक बंदच होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

टोळीत परत घेतलं.

यावर माझा विश्वास बसत नाही. काका म्हणाले, भाषेची गफलत, पोरगं लांबचं आहे, तापट आहे, शिला पुन्हा घडवू. सगळे इतके हसले आहेत की राग उरलाच नाही. आता बखर हे नाव गेलं, नवं नाव 'जाऊन'. मी चॅनलवर आलो की विचारतात, "काय जाऊन, आला का जाऊन?" आणि कुणी निघालं की सगळे एका सुरात ओरडतात, "जाऊन येतो हं, जाऊन! ओढ्यावर थांबू नकोस!"

मीही हसलो. खूप हलकं वाटलं. एका शब्दाची चूक. तीनशे वर्षं आपण लांब राहिलो, तेवढ्यात एक शब्द गिळला गेला, यात माझा काय दोष? रात्री जेवताना आत्याला ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली. भाल्याचा भाग सोडून.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कीर्तिचा मेसेज आला. उतरवून ठेवतो, कारण फोनमधून मी तो पुसून टाकीन अशी मला भीती वाटते.

"विश्वेश, सगळे हसले, मी नाही हसले. एक विचारते. समज, मी खरंच ओढ्यावर येते म्हणाले असते. आणि आले नसते. मुद्दाम, कंटाळा आला म्हणून. मग? मग मारायचं होतं?"

२४ फेब्रुवारी, सोमवार

उत्तर लिहितोय. तीन वेळा लिहिलं.

पहिलं: नाही, पण तू आली असतीस तर हे झालंच नसतं. खोडलं.

दुसरं: खेळच आहे ना, मोकळ्या रानात सगळे सगळ्यांना मारतात, तूही मारतेस. हे पाठवणार होतो. मग आठवलं, ती मला "आलास" म्हणाली होती. मोकळ्या रानात कुणी कुणाला आलास म्हणत नाही.

तिसरं तीन पानांचं आहे. त्यात माझं तिच्यावर किती प्रेम आहे ते आहे. वाचून पाहिलं. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पहिल्या पानांवर मी खोटं लिहिलं आहे. एचओडीने मला बोलून घेतलं हे खरं. का, ते लिहिलं नाही.

सौम्या माझ्या वर्गात होती. तिरुनीलक्कुडीची, रोज बसने यायची. मी तिला विचारलं, शनिवारी बस स्टँडवर भेटशील का, कापी पिऊ. ती म्हणाली, "पार्कलाम." बघू. मी शनिवारी तीन तास स्टँडवर उभा राहिलो. सोमवारी सगळ्या वर्गासमोर मी तिच्यावर ओरडलो, खोटारडी म्हणालो, तिच्या हातातली रेकॉर्ड नोट ओढून घेतली आणि फाडली. दोन दिवसांवर प्रॅक्टिकल होतं. शंभराच्या वर पानं, सह्यांसकट.

'पार्कलाम' तमिळ आहे. तमिळ माझी रस्त्यावरची, शाळेतली भाषा आहे. बघू म्हणजे बघू. तिथे कुणी कुठला शब्द गिळला नव्हता.

आज दुपारी तिरुनीलक्कुडीच्या बसमध्ये बसलो. सौम्याची माफी मागायची, तिच्या आईवडिलांसमोर, असं डोक्यात घेतलं होतं. शेतं सुरू झाली तेव्हा सुचलं, तिने मला बोलावलंय कुठे? मी दारात उभा राहणार, ती घरात असणार, आणि ती बाहेर आली नाही तर? तर मी काय करीन? मला खरंच माहीत नव्हतं काय करीन. एक थांबा आधी उतरलो. उन्हातून उलट्या बाजूची बस पकडून परत आलो.

आत्याने पायांची धूळ पाहिली, कुठे गेलास विचारलं. मी सांगितलं. सगळंच सांगितलं, सौम्याचं, कीर्तिचं, भाल्याचंही.

ती भाजी चिरायची थांबली नाही. चिरता चिरताच म्हणाली, "सौम्येचे मज ठाऊक आहे. कॉलेजातून तुझ्या आप्पास फोन आला होता."

"म्हणजे आप्पांना माहीत होतं?"

"तुज काय वाटलें, परीक्षेसाठी बोलत नाही तो? बत्तीस वर्षें पोरींस गणित शिकवतो रे तो. वर्गांत कसें उभें राहावें त्याने?"

२ मार्च, रविवार

आज टोळीची सभा होती, नव्या शिलेसाठी. दुपारचे चार. सगळे आले. मी गेलो तसा ओरडा झाला, "आला रे जाऊन!"

मी म्हणालो मला बोलायचं आहे. पुण्याची वाक्यं तयार केली नव्हती. घरच्यासारखंच बोललो. लिहिताना थोडं नीट करतो.

मी म्हणालो, "तुम्ही मला शब्दासाठी माफ केलंत. तो शब्द नव्हता. ओढ्यावर मी उभा होतो तेव्हा मला कुणी येऊन सांगितलं असतं की येते म्हणजे जाते, तरी मी मारलं असतं. तिने हसायला नको होतं म्हणून मारलं असतं. ती माझ्याशिवाय हसत होती. एवढंच कारण होतं. टोळी सोडायची का, असं खेळाने विचारलं तेव्हा मी हो दाबलं, तेव्हा माझं डोकं शांत होतं. तुमचं बोलणं चोरून ऐकत होतो तेव्हाही शांत होतं. कॉलेजात एका मुलीची वही मी अशीच फाडली. तिथे तर तमिळ होती."



काका म्हणाले, "अरे, मिटलंय ते आता. कशाला उकरतोस?"

"मिटलं नाही, काका. तुम्ही हसलात म्हणून मिटल्यासारखं वाटलं. मलाही वाटलं."

साताऱ्याचा म्हणाला, "मग आता काय करायचं म्हणतोस? परत काढू तुला?"

"काढा."

एकेक हिरवा ठिपका विझायला लागला. कुणाला काम आलं, कुणाकडे पाहुणे आले. कुणीही जाताना जाऊनची गंमत केली नाही. शेवटी काकाही म्हणाले, "बघू रे, बोलू नंतर," आणि गेले.

एक ठिपका राहिला. माइक चालू झाला.

"विश्वेश."

"हां."

"तू शब्दामुळे नाही मारलंस, हे मला त्याच दिवशी कळलं होतं," कीर्ति म्हणाली. "तुझं तुला कळतंय का, ते बघत होते."

"कळलें," मी म्हणालो. मग, "शिला मी पुन्हा घडवून देतों. एकटा. कितीही महिने लागोत."

"नको."

"मग काय करूं?"

"माझ्यासाठी काही करू नकोस. हेच सांगायला थांबले. तू खरं बोललास ते बरं केलंस, पण ते काही माझ्यासाठी बक्षीस नाही. मला मेसेज करू नकोस. मी असेन तिथे येऊ नकोस. कधीच."

माझ्याकडे ती तीन पानं होती, वहीतच, हाताखाली.

"बरें," मी म्हणालो.

ती गेली. जाताना काही म्हणाली नाही.

'कधीच' या शब्दाचा मिरजेकडे दुसरा काही अर्थ होतो का, ते मी कुणाला विचारलं नाही.